कोट गेला, नाव राहिले

मुंबईहून परतलेल्या माणसाला 'फोर्टात गेला होतात का?' असे विचारा. तो बेधडक 'हो' म्हणेल. लगेच 'मग किल्ला कसा वाटला?' असे विचारा, म्हणजे तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. फोर्टात त्याने कचेऱ्या पाहिल्या, बँका पाहिल्या, पुस्तकांची दुकाने पाहिली. किल्ला काही पाहिला नाही. चर्चगेट स्टेशनावर रोज लाखो माणसे उतरतात, पण तिथे वेस कुणाला दिसत नाही. बझारगेट नावाचा रस्ता आहे, त्यालाही दरवाजा नाही. मुंबईची जुनी माणसे त्या भागाला 'कोट' म्हणत; 'कोटात जाऊन येतो' असे सांगून घराबाहेर पडत. कोट गेला, वेशी गेल्या, खंदक बुजला, आणि नावे मात्र मागे राहिली.

किल्ल्यांचा इतिहास आपण बहुधा लढायांच्या अंगाने वाचतो. कोणी वेढा दिला, कोणी बुरूज चढून गेला, कोण धारातीर्थी पडला, हे आपल्याला पाठ असते. पण मुंबईच्या कोटाची गोष्ट न्यारी आहे. त्याचा पुरा तट उभा राहिल्यावर त्याला एकाही शत्रूने वेढा दिला नाही. न झालेल्या लढाईचा हा किल्ला आहे. म्हणून त्याचा इतिहास लिहायचा तर तो पराक्रमाचा न लिहिता भयाचा लिहावा लागतो. हा तट कोणाच्या धास्तीने वाढत गेला, हे पाहू लागलो की आपलीच माणसे समोर येऊन उभी राहतात. ज्याला आपण परक्यांचा किल्ला म्हणून सोडून दिले, त्याच्या दगडादगडावर आपला इतिहास उलट्या अक्षरांनी लिहिलेला आहे.

हे सारे लिहिणारा मी राहतो समुद्रापासून हजारेक किलोमीटरांवर, गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला. आमची झाडीपट्टी म्हणजे धानाची बांधी आणि तलावांचा मुलूख. नवेगावबांधाचा तलाव हाच आमच्या मुलांचा समुद्र. एकदा वर्गात नकाशा लावून मुंबईचा पाठ शिकवीत होतो. फोर्ट म्हणजे किल्ला, एवढे सांगून होते न होते तोच मागल्या बाकावरून एका पोराने विचारले, "गुरुजी, मंग किल्ला कोठी गेला?" प्रश्न चार शब्दांचा, पण त्याचे उत्तर चार शब्दांत मावणारे नव्हते. ते उत्तर शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

*

मुंबईच्या कोटाचे मूळ एका वाड्यात आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसईच्या तहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात मुंबईची बेटेही गेली. पोर्तुगिजांनी राजधानीचा थाट केला तो वसईला. मुंबई त्यांनी भाडेपट्ट्याने देऊन टाकली. ती घेणाऱ्यांत गार्सिया द ओर्ता हा नामांकित वैद्य होता. आपल्या वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. बंदराच्या काठी त्याचा एक वाडा होता. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, तेव्हा मुंबई आंदण गेली. राजाला ही लांबची जहागीर परवडेना. त्याने १६६८ साली ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीच्या पदरात टाकली. कंपनीने त्या जुन्या वाड्याभोवती बुरूज बांधले आणि 'बॉम्बे कॅसल' उभा केला. हा झाला कोटाचा गाभा.

कंपनी व्यापारी खरी. पण व्यापाऱ्याला तिजोरी आली की भीती येतेच. १६७३ साली डच आरमार मुंबईपुढे येऊन उभे राहिले आणि तयारी पाहून परत गेले. ते संकट आल्या पावली टळले. पुढचे मात्र मुंबईच्या तोंडावरच ठाण मांडून बसले. मुंबई बंदराच्या मुखाशी, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी नावाचे लहानसे बेट आहे. १६७९ सालच्या ऐन पावसाळ्यात शिवाजीमहाराजांनी मायनाक भंडारी याला त्या बेटावर पाठविले आणि तिथे तट चढू लागला.

मुंबईकर इंग्रजांची गाळण उडाली. बंदरात शिरणारे आणि बंदरातून निघणारे प्रत्येक गलबत आता मराठ्यांच्या नजरेखालून जाणार होते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाचे आरमार त्यांच्यावर चालून गेले. त्या दिवशी इंग्रजांचे एक जहाज मराठ्यांच्या हाती लागले. पण त्यांच्या मोठ्या जहाजाने तोफांच्या बळावर मराठी आरमाराला मागे रेटले. म्हणजे लढाईत दोन्ही बाजूंचे काही गेले, काही राहिले. तरी रात्रीच्या अंधारात नागोठण्याच्या खाडीकडून लहान होड्या सामान आणि माणसे घेऊन बेटावर पोहोचतच राहिल्या, आणि तट काही थांबला नाही. पुढे १६८० च्या आरंभी इंग्रज निघून गेले आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. शेजारच्या उंदेरीवर जंजिरेकर सिद्दीने आपला तळ केला, ती गोष्ट निराळी.

त्या सिद्दीनेच मुंबईला पहिला खरा धडा दिला. कंपनीने औरंगजेबाशी वाकडे घेतले, तेव्हा १६८९ च्या फेब्रुवारीत सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला. माझगाव, माहीम त्याने घेतले आणि इंग्रजांना कॅसलात कोंडले. वर्षाहून अधिक काळ गव्हर्नर किल्ल्यात आणि सारे बेट शत्रूच्या हाती, अशी अवस्था झाली. अखेर बादशहाला दीड लाख रुपये दंड भरून इंग्रजांनी मान सोडवून घेतली. १६९० च्या जूनमध्ये सिद्दी गेला. एकटा कॅसल राखून भागत नाही, शहरालाच वेढणारा तट हवा, हे शहाणपण त्यांना या वेढ्याने शिकविले.

*

शहाणपण आले तरी तट लगेच उभा राहत नाही. त्याला पैसा लागतो, आणि पैसा भीतीशिवाय सुटत नाही. ती भीती पुरविली कान्होजी आंग्र्यांनी.

कुलाब्याला बसून कान्होजींनी कोकणकिनाऱ्यावर असा दरारा बसविला की त्यांच्या दस्तकाशिवाय गलबत हाकारणे म्हणजे जिवाशी खेळ झाला. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. आपल्या समुद्रात आपले दस्तक चालविणारा चाचा कसा, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. कारण त्याच समुद्रात तेही आपले दस्तक चालवीत होते. चार्ल्स बून हा गव्हर्नर १७१५ च्या अखेरीस मुंबईत आला. त्याने दोन कामे हाती घेतली. एक, मुंबईभोवतीचा तट पुरा करणे. दुसरे, आंग्र्यांचा निकाल लावणे. पहिले काम झाले. दुसऱ्यासाठी १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगिजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर त्याच्या मोहिमा झाल्या आणि तिन्ही फसल्या. १७२२ साली बून विलायतेला परतला. मागे तट ठेवून गेला आणि तटाबाहेर कान्होजीही जसेच्या तसे ठेवून गेला.

हा तट उत्तर-दक्षिण सुमारे मैलभर लांबीचा होता. पूर्वेला बंदर आणि कॅसल. जमिनीच्या बाजूने तीन वेशी. दक्षिणेची अपोलो गेट, मधली सेंट थॉमसच्या देवळाजवळची चर्चगेट, आणि उत्तरेची बझारगेट. रात्री वेशी लागत. आत गोदामे, कचेऱ्या, गोरे साहेब, पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पेढ्या. बाहेर ताडामाडांच्या वाड्या, कोळीवाडे, आणि त्या साऱ्या व्यापाराचे ओझे पाठीवर वाहणाऱ्यांची वस्ती. मुंबादेवीला मानणारे कोळी या बेटांचे सर्वांत जुने रहिवासी. त्यांची वस्ती तटाबाहेरच राहिली. तट शहर राखतो असे आपण म्हणतो, तेव्हा शहर म्हणजे नेमके कोण, हेही विचारले पाहिजे.

*

मग आले १७३९ साल.

दोन वर्षांपूर्वी, १७३७ च्या मार्चमध्ये, मराठ्यांनी ठाणे घेतले होते. आता चिमाजी आप्पा वसईला भिडले होते. वसई म्हणजे नुसता किल्ला नव्हे. तटाच्या आत मठ, देवळे, रस्ते असलेले अख्खे पोर्तुगीज शहर. तीन बाजूंना खाडी, दलदल आणि समुद्र; खुष्कीची एकच बाजू. त्या बाजूने वाळूतून मोर्चे पुढे सरकवीत, तटाखाली सुरुंग पेरीत, मराठ्यांनी तीन महिने झुंज दिली. सुरुंग कधी उडत, कधी दगा देत. खिंडार पडे आणि आतले पोर्तुगीज ते जिवावर उदार होऊन अडवीत. आपले हजारो लोक मेले आणि जखमी झाले. 'किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका,' असे आप्पा म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्या वेढ्याची धग तिच्यात आहे. मे महिन्यात वसई शरण आली. आप्पांनी आतल्या लोकांना बायकामुले आणि चीजवस्तू घेऊन निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली. जिंकलेल्या माणसाचे हे वागणे लढाईइतकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वेढा चालू असताना पोर्तुगिजांनी मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले होते. इंग्रजांनी देवळांतली चांदीची भांडी गहाण ठेवून घेऊन त्यांना पंधरा हजार रुपये दिले. शेजाऱ्याचे घर जळत असताना पाण्याच्या घागरीवर व्याज मोजणारी ही जात!

पण वसई पडताच त्यांचे धाबे दणाणले. साष्टी मराठ्यांची झाली होती. माहीमच्या खाडीपलीकडे आता मराठी चौकी होती. वसईसारखा कोट जर तीन महिन्यांत गेला, तर मुंबईचा किती दिवस टिकणार? त्यांनी एक वकील वसईला चिमाजी आप्पांकडे आणि दुसरा साताऱ्याला शाहू छत्रपतींकडे धाडला, आणि जुलैत तह करून घेतला. तहाच्या कागदावर विसंबून मात्र ते राहिले नाहीत. तटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि शहरातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये वर्गणी दिली. व्यापाऱ्याने कर देणे वेगळे आणि आपण होऊन वर्गणी देणे वेगळे. भीती किती खोल गेली होती, ते या आकड्यावरून कळते. तटासमोरच्या माडांवरही कुऱ्हाड चालली. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफेचा मारा मोकळा राहावा, म्हणून तटाबाहेर उघडे मैदान राखण्यात आले आणि पुढे ते वाढवीत नेले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही मुंबईची मैदाने त्या मोकळ्या पट्ट्याचेच तुकडे आहेत. आज तिथे पोरे क्रिकेट खेळतात. मराठी फौजेवर तोफा डागण्यासाठी राखलेल्या जागेवर मराठी पोरांनी षटकार मारावेत, यापरता इतिहासाचा विनोद कोणता?

*

इथे मला माझ्या मुलखाकडे वळले पाहिजे. कारण मुंबईला खंदक खणला गेला त्यानंतर तीनच वर्षांनी, हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकाला, कलकत्त्यातही इंग्रजांनी एक खंदक खणायला घेतला. त्याचे नावच मुळी 'मराठा खंदक'. त्यामागची धास्ती पुण्याची नव्हती, ती होती नागपूरची. रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालात शिरले होते. नागपूरच्या पूर्वेला रायपूरकडे जाणारा हमरस्ता आज आमच्या सौंदडवरून जातो. वर्गाच्या खिडकीतून त्यावरचे ट्रक दिसतात, तेव्हा मी मुलांना सांगतो, की बाबांनो, या पूर्वेच्या दिशेने निघालेल्या घोड्यांनी बंगालच्या उपसागरापर्यंत धास्ती पोहोचविली होती.

आणि लगेच पुढचेही सांगतो. बंगालात 'बर्गी' म्हणजे आपले बारगीर. तिथल्या आया पोरांना निजवताना त्यांचे भय घालीत. कलकत्त्याच्या खंदकाआड इंग्रज लपले. पण ज्या गरीब विणकराला, शेतकऱ्याला खंदक नव्हता, त्याचे घर जळाले. आपला दरारा सांगताना ही गोष्ट गाळणारा मास्तर मुलांना अर्धाच इतिहास शिकवतो. कलकत्त्याचा तो खंदक पुरता खणला गेलाच नाही. मराठे कलकत्त्यावर आले नाहीत आणि पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला.

मुंबईच्या खंदकापर्यंतही मराठे आले नाहीत. का आले नाहीत, याचे उत्तर अधिक बोचरे आहे. ज्या आरमाराच्या धाकाने मुंबईचा कोट उभा राहिला, ते आंग्र्यांचे आरमार १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात जळून खाक झाले. ते जाळले वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी. पण तुळाजी आंग्र्यांविरुद्ध त्या मोहिमेत इंग्रजांचे भागीदार होते खुद्द पेशवे. भाऊबंदकीचा राग असा, की शेजाऱ्याची म्हैस मरावी म्हणून आपलाच गोठा पेटवून द्यावा. त्यानंतर १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांनी घेतले आणि साष्टी गेली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या आश्रयाला जाऊन तैनाती फौजेच्या तहावर सही केली. कुठे? वसईला! चिमाजी आप्पांनी जिंकली त्याच वसईला. मधे अवघी त्रेसष्ट वर्षे गेली होती. पहिल्या वसईने मुंबईला खंदक खणायला लावला. दुसऱ्या वसईने तो खंदक निरुपयोगी करून टाकला.

*

भय सरले की तट अडगळ होतो. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटाच्या आत भयंकर आग लागली. दाटीवाटीच्या घरांतून ती पसरत चालली, तेव्हा दारूगोळ्याच्या कॅसलापर्यंत ती पोहोचू नये म्हणून मधली घरे तोफा लावून पाडावी लागली. तोफा डागल्या गेल्या त्या आपल्याच घरांवर. शत्रू तटाच्या आतच होता. त्यानंतर कित्येक लोक कोट सोडून बाहेर राहायला गेले आणि बाहेरची मुंबई आतल्या मुंबईहून मोठी होत गेली.

अखेर तट पाडला तो ना तोफेने, ना सुरुंगाने. तो पाडला कापसाने. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि विलायतेच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसावाचून गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात मैलभर लांबीच्या कोटात कोण मावणार? १८६२ साली आलेल्या बार्टल फ्रियर या गव्हर्नराने तट पाडण्याचे काम धडाक्याने चालविले आणि दोन-तीन वर्षांत वेशी, बुरूज, खंदक सारे सपाट झाले. त्याच सुमारास युरोपातही हेच चालले होते. व्हिएन्नाच्या बादशहाने १८५७ साली आपल्या राजधानीचा तट पाडून तिथे रुंद रस्ता करण्याचा हुकूम दिला होता. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली निघाले. म्हणजे मुंबईवरचा आपला पहिला मोठा मराठी ग्रंथ छापला जात होता आणि तिकडे कोटाचे दगड उतरत होते.

आज सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळ फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. मूळ कॅसल नौदलाच्या आवारात आहे. तो सहजासहजी कुणाला पाहता येत नाही. म्हणून मुंबईकराला सुद्धा आपल्या फोर्टातला फोर्ट ठाऊक नसतो.

पण इतिहासाला हिशोब पुरे करण्याची खोड आहे. चर्चगेटची वेस पडली, तिच्या जागी १८६४ साली फ्लोरा फाउंटन नावाचे कारंजे उभे राहिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याच परिसरात, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, त्यांचे स्मारक तिथे आहे आणि त्या जागेला आपण हुतात्मा चौक म्हणतो. मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठी जी वेस बांधली, तिच्याच जागी मराठी माणसाने मुंबईवरचा आपला हक्क रक्ताने लिहिला. हातात तलवार नव्हती, घोडा नव्हता. त्या हुतात्म्यांत कोटाबाहेर राहणारे, ओझी वाहणारे, गिरणीत राबणारे होते. आमची झाडीपट्टी तेव्हा भंडारा जिल्ह्यात होती. इतक्या लांबची मुंबई १ मे १९६० रोजी आमची राजधानी झाली, ती त्यांच्या पुण्याईने.

आणि तो कॅसल? कान्होजींच्या धास्तीने ज्या कॅसलाच्या आत खलबते चालत, त्या कॅसलासकट नौदलाचा तो तळ १९५१ पासून एक नाव धारण करून आहे: 'आय. एन. एस. आंग्रे'. बूनच्या आरमाराला तिन्ही मोहिमांत जो हाती लागला नाही, तो कान्होजी असा नावाने कोटात शिरला आणि धनी होऊन बसला. खांदेरी बेटालाही आता त्यांचेच नाव आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. मुंबईचा भलाथोरला कोट त्या यादीत नाही. यादीत यायला आधी शिल्लक राहावे लागते.

मागल्या बाकावरच्या त्या पोराला मी सांगितले, की किल्ला कुठे गेला असे विचारू नको. तो का आला होता, ते विचार. त्याचे पुढचे उत्तर वर्गभर रंगले आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

या दिवाळीत घरोघरची मुले अंगणात मातीचा किल्ला करतील, हळीव पेरतील, मावळे मांडतील. वडीलधाऱ्यांनी त्यांना एवढेच सुचवावे: किल्ल्याशेजारी एक परात पाण्याने भरून ठेवा, मधोमध एक काळा धोंडा ठेवा, आणि त्याला खांदेरी म्हणा. कागदाच्या दोन होड्या सोडा. पाहुणे विचारतीलच, 'हे काय रे?' मग मुलांनाच सांगू द्या, की हा इवलासा धोंडा पाहून पलीकडच्या अख्ख्या शहराने तट चढविला होता.